‘ताप’ ते ‘सेप्सिस’: नंदुरबारहून पाहिलेला रक्तातल्या बुरशीचा इतिहास

आजचा विषय ऐकायला थोडा अवघड आहे, पण आपण सगळ्यांनी तो अर्धा पाहिलेला आहे. २०२१ च्या मे महिन्यात ‘काळी बुरशी’ हा शब्द घराघरांत पोचला. डोळ्याखाली सूज, नाकात काळी खपली, टाळूला जखम, वरचा जबडा काढावा लागलेले रुग्ण. ही चित्रं कुणी विसरलेलं नाही. त्याच काळात, त्याच दवाखान्यांत, त्याच करोनाच्या रुग्णांमध्ये दुसरी एक बुरशी होती. ती चेहऱ्यावर दिसत नव्हती. ती रक्तात होती. तिला मराठीत नावसुद्धा मिळालं नाही. मधे काही दिवस ‘पांढरी बुरशी’ म्हणून बातम्या आल्या, मग पिवळीच्याही आल्या, आणि रंगांची ही यादी लोक विसरून गेले.

आज आम्ही या दुसऱ्या बुरशीचा इतिहास सांगणार आहोत. वैद्यकशास्त्राचं व्याख्यान हे नव्हे. आमचा प्रश्न इतिहासाचा आहे. साथीत माणूस मरतो तेव्हा त्याच्या नावापुढे कारण म्हणून काय लिहिलं जातं? ते कोण ठरवतं? आणि जे लिहिलं जात नाही, त्याचं पुढे काय होतं? हा प्रश्न आम्ही मुंबई-पुण्याहून न विचारता नंदुरबारहून विचारणार आहोत. का, ते हळूहळू स्पष्ट होईल.

ताप नावाचा रकाना

नंदुरबार हा जिल्हा म्हणून तरुण आहे. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. सहा तालुके: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे धडगाव. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यात जवळजवळ ६९ टक्के आदिवासी: भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी. दक्षिणेला तापी, उत्तरेला नर्मदा, मधे सातपुडा.

आता शंभर वर्षं मागे चला. १९१८. आजच्या जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा पश्चिम खानदेशात होता, मुख्यालय धुळं. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, पिकं गेली, आणि सप्टेंबरनंतर इन्फ्लुएंझाची दुसरी, भयंकर लाट आली. एकट्या मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसं त्यात गेली असा अंदाज आहे. उपासमार आणि साथ एकदम आल्यावर काय होतं हे खानदेशाला कुणी शिकवायला नको.

या मृत्यूंची नोंद कशी झाली? इलाख्यात मृत्यू लिहून घेण्याचं काम गावपातळीवर होतं. पोलीस-पाटलाकडे खबर यायची आणि तो ठरलेल्या रकान्यांपैकी एकात ती घालायचा. रकाने किती, तर पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण-अतिसार, श्वसनाचे विकार, अपघात आणि इतर. पाटील काही डॉक्टर नव्हता. अंग तापलं होतं ना, मग ‘ताप’. मलेरिया, विषमज्वर, बाळंतरोग आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा, सगळ्यांची भरती त्या एका रकान्यात. म्हणून १९१८ चे आकडे काढताना अभ्यासकांना आडवाटेनं जावं लागतं: इतर वर्षी तापाचे मृत्यू किती, या वर्षी किती, आणि वजाबाकी.

ही वजाबाकी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

१९१८ बद्दल आणखी एक गोष्ट. त्या वेळी जगभर जी शवविच्छेदनं झाली, त्यांचा २००८ मध्ये पुन्हा अभ्यास झाला. निष्कर्ष असा की बहुतेक माणसं निव्वळ विषाणूनं मेली नव्हती. विषाणूनं फुप्फुसाचं दार मोडलं आणि मागून जीवाणू शिरले. म्हणजे गंभीर विषाणूजन्य आजारात ‘मागून येणारा’ जीव घेऊन जातो, ही गोष्ट नवी नाही.

पण १९१८ च्या त्या मागून येणाऱ्यांमध्ये रक्तातली बुरशी जवळपास नव्हतीच. का नव्हती?

बुरशीला रस्ता हवा

ज्या बुरशीबद्दल आपण बोलतोय तिचं नाव कँडिडा. बुरशी म्हटलं की भाकरीवरची हिरवट लव डोळ्यांपुढे येते. ही तशी नाही. ही एकेका पेशीची, यीस्टसारखी. ती बाहेरून येतेच असं नाही. आपल्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर ती मुक्कामालाच असते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर येतो ना, तो बहुधा हिचाच. १९२३ मध्ये ख्रिस्टीन बर्कहाउट या डच संशोधिकेनं या घराण्याला कँडिडा हे नाव दिलं.

घरातली ही भाडेकरू रक्तात शिरत नाही, कारण तिला तीन कुंपणं अडवतात. पहिलं, आतड्यातले असंख्य जीवाणू, जे तिला वाढायला जागाच देत नाहीत. दुसरं, कातडी आणि आतड्याचं अस्तर. तिसरं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी. तिन्ही कुंपणं एकाच वेळी पडली तरच ती रक्तात जाते. आणि निसर्गात तिन्ही एकदम क्वचितच पडतात. १९१८ च्या रुग्णाला प्रतिजैविकं मिळाली नव्हती, त्याच्या मानेत नळी नव्हती, त्याला स्टिरॉइड नव्हतं. तो आठ-दहा दिवसांत एकतर बरा झाला किंवा गेला. बुरशीला रस्ताही मिळाला नाही आणि वेळही.

हा रस्ता कधी बांधला गेला? आम्हाला वाटतं, १९५२-५३ हे त्याचं उत्तर देता येईल. आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवातही एका विषाणूपासूनच होते. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. मुलांचे श्वासाचे स्नायू लुळे पडत होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी घालायची आणि हातानं पिशवी दाबून श्वास द्यायचा, असा मार्ग काढला. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीनं, दिवसरात्र, पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं उतरलं. अशा रुग्णांना एका खोलीत, सतत नजरेखाली ठेवायचं या कल्पनेतून पुढच्या वर्षी अतिदक्षता विभाग जन्माला आला. आपण ज्याला आयसीयू म्हणतो तो.

त्याच १९५२ मध्ये ओबानियाक या फ्रेंच डॉक्टरांनी गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत सुई घालण्याची पद्धत मांडली. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी तारेवरून नळी सरकवण्याची युक्ती सांगितली. आज कुठल्याही आयसीयूत मानेतून जी सेंट्रल लाईन घालतात ती याच युक्तीनं. आणि प्रतिजैविकं तर आलेलीच होती. आपल्याकडे १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि देशी पेनिसिलिन निघू लागलं.

आता ही यादी बुरशीच्या बाजूनं वाचा. प्रतिजैविकांनी आतड्यातले जीवाणू गेले, पहिलं कुंपण पडलं. सेंट्रल लाईननं कातडीतून थेट हृदयाजवळच्या शिरेपर्यंत वाट झाली, दुसरं पडलं. स्टिरॉइडनं पांढऱ्या पेशी मंदावल्या, तिसरं पडलं. आणि व्हेंटिलेटरनं माणूस आठवडेच्या आठवडे जगला, म्हणजे वेळही मिळाला.

ज्या-ज्या गोष्टीनं माणसाला वाचवलं, तिनंच बुरशीला रस्ता दिला. रक्तातली बुरशी हा घाणीचा रोग नाही, मागासलेपणाचा तर नाहीच. ती उपचारांच्या मागोमाग येते. जिथे आयसीयू नाही तिथे ही बुरशी साथीच्या रूपात नाही. म्हणून सातपुड्यातल्या पाड्यावर तिचा इतिहास सापडणार नाही. तो सुरू होतो पाड्यावरचा माणूस व्हेंटिलेटरपर्यंत पोचतो त्या दिवसापासून.

पिंपरीची माती, परळचं औषध

औषधाचा इतिहासही थोडक्यात पाहू, कारण त्यात महाराष्ट्राचा वाटा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही.

बुरशीवर औषध काढणं जीवाणूवरच्या औषधापेक्षा कठीण. जीवाणूची पेशी आपल्या पेशीहून फार वेगळी. बुरशीची मात्र आपल्या पेशीच्या जवळची. जे बुरशीला मारतं ते आपल्यालाही इजा करतं. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या राज्य आरोग्य खात्यातल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी मातीतल्या सूक्ष्मजीवापासून निस्टॅटिन शोधलं. ते तोंडातल्या, कातडीवरच्या बुरशीला चाललं, रक्तात देण्याजोगं नव्हतं. १९५०च्या दशकाच्या मध्याला व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून ॲम्फोटेरिसिन बी आलं. ते शिरेतून देता येत होतं. पण देताना रुग्णाला हुडहुडी भरून ताप यायचा, मूत्रपिंडं बिघडायची.

पिंपरीत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी हेच काम करत होते. तिथल्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवाला त्यांनी गावाचंच नाव दिलं, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्यापासून १९६१ च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीनाशक निघालं. नावातलं ‘हॅ’ हे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या आद्याक्षरांचं. जगाच्या औषधशास्त्रात पिंपरीच्या मातीचं नाव असं कायमचं लागलं. अर्थात रक्तातल्या बुरशीसाठी मुख्य आधार ॲम्फोटेरिसिनच राहिला.

मग त्याचा त्रास कमी कसा करायचा? औषध चरबीच्या सूक्ष्म थेंबांमध्ये, म्हणजे लायपोसोममध्ये गुंडाळून द्यायचं. परदेशात तसं औषध निघालं, पण किंमत आपल्या आवाक्याबाहेरची. १९९०च्या दशकात परळच्या के.ई.एम. रुग्णालयात आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या चमूनं, दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. बच्छावत यांच्या सहकार्यानं, देशी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनवर काम केलं आणि ते रुग्णांपर्यंत नेलं. २०२१ मध्ये लोक ज्या बाटलीसाठी रात्र-रात्र फोन करत होते, त्या बाटलीच्या मागे परळच्या एका सरकारी रुग्णालयातलं हे कामही आहे.

कानातून आलेली

एवढं सगळं झालं तरी कँडिडा ही डॉक्टरांच्या दृष्टीनं जुनी, ओळखीची शत्रू होती. २००९ मध्ये टोकियोतल्या सत्तर वर्षांच्या एका बाईंच्या कानातल्या स्रावातून एक नवी जात सापडली. लॅटिनमध्ये कानाला ऑरिस म्हणतात, म्हणून कँडिडा ऑरिस. नाव साधं, पण स्वभाव वेगळा. २०१३ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी दिल्लीतल्या रुग्णांच्या रक्तात ती सापडल्याचं प्रसिद्ध केलं. काही वर्षांत ती अनेक खंडांमध्ये, जवळजवळ एकाच वेळी, पण वेगवेगळ्या वंशांच्या रूपात दिसू लागली.

ती इतर कँडिडांहून वेगळी कशात? एक, ती माणसाच्या कातडीवर आणि खाटेच्या कठड्यावर, रक्तदाबाच्या पट्ट्यावर, थर्मामीटरवर दिवसच्या दिवस टिकते, आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते. दोन, फ्लुकोनॅझोल हे सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारं औषध तिच्यावर बहुधा चालत नाही. तीन, जुन्या तपासणी यंत्रांना ती ओळखताच यायची नाही. ती तिला दुसऱ्याच जातीचं नाव द्यायची. ती आली कुठून यावर अजून वाद आहे. तापमानवाढीनं ती माणसाच्या अंगाची ऊब सोसायला शिकली, असा तर्क २०१९ मध्ये मांडला गेला. २०२१ मध्ये अंदमानच्या किनाऱ्यावरच्या दलदलीत आणि वाळूत ती सापडली, तेव्हा त्या चर्चेला जोर आला.

करोना येण्यापूर्वीच भारतातल्या आयसीयूंमध्ये काय चाललं होतं? चंडीगडच्या अरुणालोक चक्रवर्ती यांच्या पुढाकारानं २०११-१२ मध्ये देशातल्या २७ आयसीयूंचा अभ्यास झाला. दर हजार दाखल रुग्णांमागे सुमारे साडेसहा जणांच्या रक्तात कँडिडा. तीस दिवसांत त्यांच्यापैकी जवळजवळ ४५ टक्के दगावले. ऑरिस २७ पैकी १९ आयसीयूंमध्ये होती. थोडक्यात, करोना आला तेव्हा ती खाटेशेजारी आधीच उभी होती.

प्राणवायू पोचला, त्यानंतर

आता नंदुरबारला परत येऊ.

या जिल्ह्यात आरोग्याची गोष्ट नेहमी अंतराची गोष्ट असते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणायचं. सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या गावांना पाण्यावरचा तरंगता दवाखाना. रोगाचं नाव कळायलाही अंतर आडवं येतं. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरच्या कोंबड्या मरू लागल्या. भारतातला बर्ड फ्लूचा तो पहिला खात्रीशीर उद्रेक. पण तो खात्रीशीर झाला कुठे? भोपाळच्या अतिसुरक्षित पशुरोग प्रयोगशाळेत. आजार नवापूरचा, नाव मिळालं भोपाळला.

अशा जिल्ह्यात २०२० मध्ये करोना आला. त्याच वर्षी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली तुकडी सुरू झाली. जिल्हाधिकारी होते डॉ. राजेंद्र भारूड, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल कुटुंबातले, आणि शिक्षणानं डॉक्टर, त्याच परळच्या सेठ जी. एस. महाविद्यालयातले. पहिली लाट ओसरत असताना त्यांनी हवेतून प्राणवायू वेगळा करणारा प्रकल्प बसवायला घेतला. सप्टेंबर २०२० मध्ये मिनिटाला ६०० लिटरचा पहिला प्रकल्प उभा राहिला; पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला आणखी. एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठी शहरं टँकरची वाट पाहत होती तेव्हा नंदुरबारकडे स्वतःचा प्राणवायू होता, आणि देशभर त्याची चर्चा झाली. रेल्वेस्टेशनवर विलगीकरणाचे डबेही उभे राहिले.

ही खरी कामगिरी आहे, ती कुणी कमी लेखू नये. पण इतिहासाच्या दृष्टीनं तिचा अर्थ आणखी एक. १९१८ मध्ये जो रुग्ण आठव्या दिवशी गेला असता, तो २०२१ मध्ये विसाव्या दिवसापर्यंत जगू लागला. प्राणवायूवर, स्टिरॉइडवर, सलाईनवर. स्टिरॉइडचंही असंच. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीनं दाखवलं की डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशानं घटतात. डोस रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. औषध स्वस्त, गावोगाव मिळणारं. पण ‘जास्तीत जास्त दहा दिवस’ हे शब्द सगळीकडे औषधाइतक्या वेगानं पोचले नाहीत.

आणि विसाव्या दिवशी काय होतं? दिल्लीतल्या एका आयसीयूत एप्रिल ते जुलै २०२० या काळात करोनाचे ५९६ रुग्ण होते. त्यांतल्या १५ जणांच्या रक्तात कँडिडा सापडली. १५ पैकी १० जणांत ऑरिस. त्या दहापैकी सहा दगावले. दहाही जणांची ऑरिस फ्लुकोनॅझोलला दाद देत नव्हती आणि चौघांची ॲम्फोटेरिसिनलाही नाही. बुरशी सापडली ती दाखल झाल्यावर १० ते ४२ दिवसांनी. म्हणजे पहिल्या दहा दिवसांची लढाई हे लोक जिंकले होते. घरच्यांना फोनवर ‘आता स्थिर आहे’ असं सांगून झालं होतं.

याच सुमारास अमेरिकेतल्या फ्लोरिडात, एका रुग्णालयाच्या करोना विभागात ६७ जणांची तपासणी केली, तर ३५ जणांच्या कातडीवर ऑरिस निघाली. कारण शोधलं तर काय? एकावर एक घातलेले गाऊन आणि हातमोजे, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे फिरणारी, नीट न पुसलेली उपकरणं. स्वतःला विषाणूपासून वाचवायला घातलेला पोशाखच बुरशीचं वाहन झाला. तेव्हा हा दोष अमुक देशाचा, तमुक जिल्ह्याचा नाही. थकलेल्या माणसांनी, अपुऱ्या हातांनी, भीतीच्या छायेत केलेल्या सेवेत ही फट सगळीकडेच राहिली.

जी दिसली ती मोजली

मे २०२१ मध्ये केंद्रानं राज्यांना सांगितलं, काळी बुरशी हा नोंद करणं बंधनकारक असलेला आजार जाहीर करा. कायदा कुठला, तर १८९७ चा साथरोग कायदा, मुंबईच्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी घाईनं केलेला. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण मोजले गेले, महाराष्ट्रात ९ हजारांहून अधिक. औषधाचं वाटप ठरलं, वॉर्ड उघडले, वर्ध्यात ॲम्फोटेरिसिनचं उत्पादन सुरू झालं. योग्यच झालं.

पण रक्तातल्या बुरशीची अशी मोजणी झाली नाही. का नाही? ती कमी घातक होती म्हणून नव्हे. ती दिसत नव्हती म्हणून.

काळ्या बुरशीचा संशय टॉर्चच्या उजेडातही येतो. कँडिडाचं तसं नाही. रुग्णाला ताप येतो, रक्तदाब उतरतो. पण ताप जीवाणूनंही येतो आणि करोनानंही. ती ओळखायची तर रक्ताचं कल्चर हवं: पुरेसं रक्त, निर्जंतुक बाटली, दोन-तीन दिवस, आणि मग जात ओळखणारं यंत्र. इतकं करूनही कल्चर साधारण निम्म्याच रुग्णांत बुरशी पकडतं. ऑरिसची खात्री करायला लागणारी यंत्रं मोठ्या प्रयोगशाळांत असतात. आणि जिथे रोज पन्नास रुग्ण दारात आहेत तिथे पहिला प्रश्न ‘प्राणवायू आहे का’ हा असतो. विसाव्या दिवशीच्या तापाचं कारण कुठलं, हा प्रश्न रांगेत फार मागे उभा राहतो.

मग मृत्यूचं प्रमाणपत्र. रुग्णालयात मृत्यू झाला की ‘नमुना ४’ भरतात. त्यात कारणांच्या ओळी असतात: तात्कालिक कारण, त्यामागचं कारण, मूळ कारण. मूळ कारण कोविड. तात्कालिक कारण? पुष्कळदा एकच शब्द: ‘सेप्सिस’. म्हणजे जंतुसंसर्गाला शरीरानं दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होणं. कुठला जंतू? जीवाणू की बुरशी? फ्लुकोनॅझोलला दाद देणारी की न देणारी? त्या शब्दाला हे विचारता येत नाही.

आता १९१८ चा तो पोलीस-पाटील आठवा. त्याच्याकडे आठ रकाने होते आणि त्याला एकच गोष्ट कळत होती, अंग तापलं होतं. त्यानं ‘ताप’ लिहिलं. त्यानं खोटं लिहिलं नाही. २०२१ च्या डॉक्टरनंही खोटं लिहिलं नाही. त्याला रक्तदाब उतरलेला दिसला, त्यानं ‘सेप्सिस’ लिहिलं. शंभर वर्षांत रकाना बदलला, लिहिणाऱ्याचं शिक्षण बदललं, पण रकान्याचं काम तेच राहिलं: जे ओळखता आलं नाही ते पोटात घेणं. उद्या एखादा अभ्यासक खानदेशातल्या या साथीचा इतिहास लिहायला बसेल तेव्हा रक्तातल्या बुरशीसाठी त्याला पुन्हा तीच वजाबाकी करावी लागेल.

न मोजलेल्या मृत्यूंचं मोल महाराष्ट्राला एकदा कळलेलं आहे. २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि अनेक स्वयंसेवी संस्थांच्या गटानं ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. प्रत्यक्षात होणारे बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत हे त्यांनी घरोघर मोजून दाखवलं. त्यानंतर सरकारला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. तेव्हा मोजणी ही काही कागदी बाब नाही. मोजलं की औषध येतं, माणूस नेमला जातो, पैसा वळतो. काळ्या बुरशीच्या बाबतीत आपण हे डोळ्यांनी पाहिलं.

मग करायचं काय?

इथे एक गैरसमज होऊ शकतो, तो आधीच दूर करतो. ‘म्हणजे आयसीयूत जाऊच नये का? पाड्यावरच राहणं बरं होतं का?’ मुळीच नाही. हजार दाखल रुग्णांमध्ये साडेसहा, हा करोनाआधीचा आकडा पुन्हा आठवा. व्हेंटिलेटरनं, नळीनं, स्टिरॉइडनं जितके वाचले त्यांच्या तुलनेत बुरशीनं नेलेले थोडे. आमचं म्हणणं इतकंच की उपचार जिथे पोचवले तिथे उपचारांची सावलीही पोचते. त्यामुळे प्राणवायूच्या प्रकल्पासोबत कल्चरची बाटलीही पोचली पाहिजे.

यातल्या बऱ्याच गोष्टी महागही नाहीत. रोज सकाळी राउंडला एक प्रश्न: ही सेंट्रल लाईन आज खरंच हवी आहे का? नको असेल तर काढा. दोन रुग्णांच्या मधे हात धुणं. हातावरच्या ऑरिसला अल्कोहोल पुरतं, पण खाटेला आणि उपकरणांना क्लोरीनचं द्रावण लागतं, काही नेहमीची जंतुनाशकं तिला पुरत नाहीत. प्रतिजैविकं गरजेपुरतीच. स्टिरॉइड ठरल्या दिवशी बंद. आणि दहाव्या-बाराव्या दिवशी नव्यानं ताप आला तर ‘करोनाचाच असेल’ म्हणण्याआधी रक्ताचं कल्चर. बुरशी सापडली तर औषधं आहेत, एकायनोकँडिन गटातली, फ्लुकोनॅझोलला न जुमानणाऱ्या ऑरिसवरही बहुधा चालणारी. ती महाग आहेत. पण ज्याची नोंदच नाही त्याच्यासाठी महाग औषध सरकारी भांडारात कोण ठेवणार?

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं प्रथमच धोकादायक बुरशींची यादी काढली. सर्वांत गंभीर गटातल्या चारांपैकी दोन कँडिडा आहेत: ऑरिस आणि जुनी अल्बिकन्स. जिनिव्हात तिला रकाना मिळाला. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या नोंदवहीत तो मिळायचा आहे.

शेवटी एकच. ज्या घरातला माणूस विसाव्या-पंचविसाव्या दिवशी, ‘स्थिर आहे’ असं ऐकल्यानंतर गेला, त्या घराच्या मनात एक प्रश्न अजून असतो: बरा होत होता, मग अचानक काय झालं? अनेकांना त्याचं उत्तर आता मिळणार नाही, कारण ते कधी तपासलंच गेलं नाही. पुढच्या साथीत तरी कागदावर ‘सेप्सिस’ या शब्दापुढे आणखी एक शब्द लिहिता यावा. तेवढा शब्द लिहिता यावा म्हणून एक बाटली, एक तंत्रज्ञ आणि नमुना नेणारी एक गाडी लागते. शहाद्याहून लागते आणि धडगावहूनही लागते.

आता प्रश्न घेऊ.